पोरगी बारावीला, झोप पार उडालीय. क्लास बंद करू का?

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, लिहायला पहिल्यांदाच बसलोय.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, जॉबवर्क बहुतेक शिरोलीच्या फौंड्र्यांचं. मी स्वतः आयटीआय टर्नर. थोरली पोरगी यंदा बारावी सायन्सला, पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. दहावीला नव्वदच्या वर गेली तेव्हा घरात, पाहुण्यांत एकच सूर होता, हिला इंटिग्रेटेडला घाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कॉलेजचं नाव फक्त कागदावर, पोर सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत क्लासातच. घरी आल्यावर परत त्यांचाच गृहपाठ.

दिवाळीनंतर पोरगी बदललीय. रात्री दोनला उठून बघावं तर दिवा चालू, पुस्तक उघडं, पण पान मघाचंच. डबा निम्मा परत येतो. रविवारी पांढरा रस्सा समोर ठेवला तरी चार घास भात कालवते आणि उठते. ह्या पोरीला दुसऱ्यांदा रस्सा वाढला नाही तर ती रुसायची. विंचरताना केस मूठभर निघतात म्हणून तिची आई काळजीत आहे. मैत्रिणीचा फोन आला तर उचलत नाही.

त्यात गेल्या टेस्टनंतर क्लासनं तिला वरच्या बॅचमधून खालच्या बॅचमध्ये टाकलं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यादीच येते, नाव आणि मार्कासकट. परवा जेवताना म्हणाली, "पप्पा, मला काहीच जमणार नाही. इंजिनिअरिंग पण नाही आणि दुसरं पण नाही." मी काय बोलणार? टीव्ही बंद केला आणि बसलो.

आता जानेवारीत जेईई (आयआयटी-एनआयटीची परीक्षा), फेब्रुवारीत बोर्ड, एप्रिलला सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा). फी वर्षाची एकदम भरलीय. क्लास बंद करावा का? की एवढं आलंय तर रेटावं? कुणी काउन्सेलरला दाखवा म्हणतंय. आमच्या मंडळी, म्हणजे पोरीची आई, म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं असं बाहेर कळलं तर उद्या स्थळं बघताना अडचण. अनुभवी लोकांनी सांगावं.

पंचगंगा_घाट

दादा, बारावीला सगळीच पोरं अशी होतात. आमच्या वेळी कंदिलावर अभ्यास केला, कुणी डिप्रेशन म्हणत नव्हतं. आता दोन महिन्यांसाठी क्लास सोडून काय मिळवणार? मोबाइल काढून घ्या, पहाटे रंकाळ्यावर चालायला न्या, होईल सरळ.

खडूफळा

घाटदादा, रंकाळ्यावर न्या हे एकदम मान्य. बाकीचं नाही.

उद्यमनगरीदादा, मी कागल तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. समुपदेशनाचं काम आमच्याकडं वेगळ्या माणसाला नाही, एक छोटा कोर्स केल्यामुळं ते माझ्या गळ्यात पडलंय. बसायला खोली नाही, लॅबच्या मागं सामानाची खोली आहे तिथं दोन स्टुलं. पोरं "मॅडम, जर्नल तपासायचंय" असं निमित्त काढून येतात. त्यामुळं तुम्ही लिहिलेलं वाचून मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. डिसेंबर-जानेवारीत असं रोज कोण ना कोण असतंच.

तुमच्या पोस्टमध्ये दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक तिच्या तब्येतीचा, दुसरा प्रवेशाचा. पहिला आजचा आहे. दुसरा जून-जुलैचा आहे, आणि त्याच्यात लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच ढील आहे. तुम्ही दोन्ही एका दमात सोडवायला बसलाय म्हणून क्लास बंद की चालू एवढाच पर्याय दिसतोय.

आधी तब्येत. झोप, भूक, केस, मैत्रिणी तोडणं, "मला काहीच जमणार नाही" हे सगळं दोन आठवड्यांच्या वर एकत्र चाललंय, म्हणजे ही परीक्षेची नुसती धाकधूक नाही. ह्या वयाच्या पोरांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि दिवसा वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम झोपेतच होतं. रात्री दोनला तेच पान उघडं असेल तर तो अभ्यास नव्हेच, दिव्याचं बिल आहे. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडं न्या, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 बघून घ्या. पोरींच्यात केस गळणं आणि थकून जाणं ह्याच्या मागं पुष्कळदा हेही असतं. पाळीची चौकशी तिच्या आईनं करावी. त्याबरोबरच मानसोपचारतज्ज्ञ. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं केसपेपर काढून दाखवता येतं, मोठा खर्च नाही.

आणि एक गोष्ट आजच करा. तिला एकटीला गाठून, गाडीवरून जाताना किंवा वर्कशॉपात, सरळ विचारा: "जगणं नको वाटतं का कधी?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरं मोकळी होतात. "हो" म्हणाली तर रागावू नका, रडू नका, शपथा घालू नका. एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना. रात्री-अपरात्री 14416 वर फोन करता येतो. टेली-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारची सेवा, 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्ही बाप म्हणून आधी स्वतः फोन केलात तरी चालतो, काय बोलावं हे ते सांगतात.

वहिनींच्या भीतीबद्दल: मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार ही माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. बाहेर कळलंच तर ते भावकीतून कळेल, दवाखान्यातून नाही.

आता क्लास. माझं मत, एकदम तोडू नका. आधी तिचं वेळापत्रक मागून घ्या. माझ्याकडं अशीच एक पोरगी आली होती, तिनं रंगीत पेनांनी आखलेला तक्ता दाखवला. पहाटे पाच ते रात्री साडेअकरा. "आंघोळ 10 मि." लिहिलेलं होतं, जेवण कुठंच नव्हतं. मी विचारलं, जेवतेस कधी? म्हणाली, "रिव्हिजन करताना." त्या तक्त्यात आम्ही पहिल्यांदा झोप आणि दोन जेवणं पेनानं लिहिली आणि मग उरलेल्या जागेत विषय बसवले. उरलेली जागा अर्थातच कमी भरली, मग काय सोडायचं हे आपोआप दिसलं. तुमच्या घरीही हेच करून बघा, पण पेन तिच्या हातात द्या.

सोडण्यासारखं पहिलं म्हणजे जानेवारीची जेईई. एप्रिलचं सत्र उरतंच, त्याचा अर्ज वेगळा भरायचा. आपल्या राज्यातल्या इंजिनिअरिंगला सीईटी पुरते. आणि सीईटी 2026 पासून एप्रिल आणि मे अशी दोनदा होणार, दोन्ही दिल्या तर जास्त पर्सेंटाइल धरायचं असं जाहीर झालंय. बोर्डाचं म्हणाल तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तीन विषयांत मिळून 45 टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला 40. नव्वदवाली पोरगी आजारी पडून जरी पेपर दिला तरी तिथं अडणार नाही. हे तिला माहीत नसतं हो! क्लासात हे कुणी सांगत नाही, कारण ते सांगितलं तर पोरं घाबरायची थांबतील.

बॅचचं: वरच्या बॅचमधली पोरं म्हणजे जूनमध्ये ज्यांचे फोटो फ्लेक्सवर लावायचे ती. आपल्या गावात वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, मग पर्सेंटाइलला का नको! पण मार्कांवरून बॅचा पाडू नयेत असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. विशाखापट्टणममध्ये नीटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक नेमा, हेही त्याच निकालात आहे, आणि कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. त्याआधी जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला पाच तासांच्या वर क्लास नको, टेस्टचे निकाल जाहीर करायचे नाहीत आणि पोरानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत, असं लिहिलेलं आहे. तेव्हा ग्रुपवरची यादी बंद करा म्हणून लेखी अर्ज द्या. फीचं नंतर बघू. फी गेली असं धरूनच निर्णय घ्या, नाहीतर पोरीची तब्येत त्या पावतीला बांधली जाते.

इंजिनिअरिंग की आणखी काय, हा विषय मात्र मार्च संपेपर्यंत घरात काढू नका. पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

शेवटचा_बाक

काका, मी ह्याच वर्षी इचलकरंजीत फर्स्ट इयरला लागलोय, म्हणून सगळं ताजं आहे.

मॅडम म्हणतात ते खरं, सीईटी तेवढी भयंकर नाही. तीन तासांत दीडशे प्रश्न. मॅथ्सचे पन्नास, प्रत्येकी दोन मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर, एकेक मार्क. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं येत नसलेल्या प्रश्नालाही काहीतरी टिक करून यायचं. अकरावीचा भाग फक्त वीस टक्के, बाकी सगळं बारावीचं. म्हणजे बोर्डाचा अभ्यास नीट झाला तर सीईटीचा बराचसा झालाच, राहतो तो स्पीड. जेईईला चुकीला एक मार्क जातो, ती सवय लागलेली पोरं सीईटीत उगाच प्रश्न सोडून येतात. तिला हे नक्की सांगा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, शंभरातली किती पोरं आपल्या मागं आहेत तो आकडा, हेही घरात सगळ्यांना समजावून ठेवा. माझे 91 आले तर आजीनं गल्लीत साखर वाटली आणि मामा म्हणाला, एवढ्यात काय होतंय. दोघांनाही कळलं नव्हतं.

कॅप राउंडचं, म्हणजे सरकारी प्रवेशफेऱ्यांचं, आत्ता डोक्यात घेऊ नका, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. 2025 ला चार राउंड झाले. पहिल्यात आपण यादीत पहिलं टाकलेलं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, दुसऱ्यात पहिल्या तिनातलं, तिसऱ्यात पहिल्या सहातलं. नाही घेतलं तर पुढच्या राउंडमधून बाहेर. माझ्या मित्रानं कुणाचं तरी ऐकून नको असलेलं कॉलेज वर टाकलं आणि तेच लागलं. यंदा नियम बदलले तर तेवढं वाचून घ्या. यादी तिनं स्वतः बनवायची, सायबर कॅफेवाल्यानं नाही.

आणि काका, खालच्या बॅचमध्ये मी पण होतो. तिथले सर जास्त चांगलं शिकवायचे, कारण त्यांना फ्लेक्सचं टेन्शन नव्हतं. 😄

भडगावची_लेक

मी गडहिंग्लजकडची. भाचीला कोल्हापुरात खासगी होस्टेलला ठेवलेलं, मेसचा डबा. ती जेवत नव्हती हे आम्हाला कळायला किती उशीर झाला! तुमची पोरगी घरात आहे, डबा परत आलेला तुम्हाला दिसतोय, हे फार मोठं आहे दादा. ज्या गावात शाहू महाराजांनी 1901 साली मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची काढत गेले, त्याच गावात आज गल्लोगल्ली होस्टेलं आहेत, पण पोर जेवलं का हे विचारणारं माणूस एकात तरी आहे का, सांगा. असो, विषय तो नाही.

भाचीला गोळ्या सुरू झाल्या, थोड्या काळाने कमीही केल्या. वहिनींना सांगा, तिचं लग्न ठरताना कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते स्वयंपाक येतो का. आणि तो तिला अजूनही येत नाही!

शिरोली_फौंड्री

भावा, तू टर्नर, मी पॅटर्न मेकर. आपल्यासारख्यांना एक रस्ता माहीत असतो तो क्लासवाले सांगत नाहीत. समजा सीईटी बिनसली, किंवा पोरगीला त्या वर्षी द्यायचीच नाही वाटली. बारावी सायन्सवर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. डिप्लोमा झाला की परत थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सीईटी नाही. एक वर्ष जास्त जातं, पण हातात काम येतं. आमच्या कंपनीत क्वालिटीला दोन पोरी ह्याच वाटेनं आलेल्या आहेत. कास्टिंग कटवून बघतात आणि ब्लो होल (आत अडकलेल्या हवेचं भोक) कुठून आला ते सांगतात, आम्ही बघत बसतो. पोरगीला रविवारी एकदा वर्कशॉपात घेऊन ये. अभ्यासाचं बोलू नको, नुसतं व्हर्निअर दे हातात.

पंचगंगा_घाट

मॅडम, कंदिलाचं मागं घेत नाही 😀 पण यादी ग्रुपवर टाकतात हे मला माहीत नव्हतं. ते बरोबर नाही. पोरींची नावं कशाला टाकायची?

उद्यमनगरी

सगळ्यांचे आभार. थोडक्यात सांगतो.

मॅडम, तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला. गाडीवरच, सायबर चौकाच्या सिग्नलला. "तसं नाही पप्पा, पण कधी कधी उठूच नये वाटतं," म्हणाली. मग घरी न जाता पुढं गेलो, चहा घेतला, बरंच बोलली. सीपीआरला दाखवलं. डॉक्टर मॅडमनी आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलणं केलं. रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या आहेत, झोपेचं एक वेळापत्रक दिलंय आणि परत बोलावलंय. मंडळी पण आल्या होत्या. तिथं ओळखीचे दोघं भेटले, ते पण पोरांना घेऊन आलेले. मंडळी आता स्थळाचं काही बोलत नाहीत.

जेईई जानेवारीची सोडली. क्लास पूर्ण बंद नको असं तीच म्हणाली. केमिस्ट्रीच्या सरांचा तास हवाय आणि शेजारी बसणारी मैत्रीण पण तिथंच आहे. तेव्हा सकाळचं बंद, दुपारी दोन तास जाते. क्लासवाले कुरकुरले, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख घालून अर्ज दिल्यावर ग्रुपवरची यादी थांबली. फीचं काही बोलले नाहीत, मीही अजून बोललो नाही.

आता मला रिकामं बसवत नाही. तिला काही विचारायचं नाही म्हणता, तर मी काय करू? आमचा एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा) जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणी काढलेली नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे.

खडूफळा

छान केलंत दादा. "उठूच नये वाटतं" हे तिनं तुम्हाला सांगितलं तसं डॉक्टरांनाही सांगितलंय ना, एवढं पुढच्या वेळी विचारून घ्या. नसेल तर तुम्ही सांगा, तिच्या समोर. तिला सोडून मागनं नको.

आणि काम पाहिजे म्हणता, ते भरपूर आहे, बापाचंच आहे. जूनमध्ये कागदपत्रांवरून घराघरात रडारड होते.

व्हॅलिडिटीचा अर्ज आत्ताच टाका. बारावीत असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडं करता येतो. इंटिग्रेटेड असलं तरी पत्र कॉलेजच देणार, क्लास नाही, तेव्हा नाताळच्या सुट्टीआधी गाठा. तुमचा आणि तुमच्या वडिलांचा शाळेचा दाखला शोधून ठेवा. वडिलांची शाळा खेड्यातली असेल तर गावाकडं एक चक्कर मारावी लागेल, मुख्याध्यापकांना आधी फोन करा, रजिस्टर कपाटाच्या तळाशी असतं.

मुलींसाठी 2024-25 पासून चांगली सवलत आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी, ओबीसीतल्या आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की नाही मिळत, खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही लागू नाही. आपल्या भागात काही कॉलेजं विद्यापीठं झालीत, तेव्हा यादीत टाकताना तेवढं विचारून घ्या. अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी वेबसाइटवर, त्यासाठी तिच्या नावचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं. ते आत्ताच जाऊन करा, बँकेत जूनला रांग असते.

नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा, दाखला असेल तर त्यावरची वैधतेची तारीख वाचा, 31 मार्च 2027 पर्यंत हवी. आधी संपत असेल तर एप्रिल लागला की नव्यानं काढा. त्याला तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलचा, तलाठ्याचा नुसता चालत नाही. जॉबवर्कचं उत्पन्न कसं दाखवायचं हे तुमच्या सीएला विचारून मग सेतूत जा, म्हणजे हेलपाटा वाचेल.